उद्याची पालिका आणि आमची आई

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या नगरविकास खात्याचं पत्रक आमच्या चष्म्याच्या दुकानापर्यंत पोचलं. ‘उद्याची नगरपालिका : तुम्हीच ठरवा!’ गुळगुळीत कागद, वर हसणारं कुटुंब. अर्धा निधी त्यांच्या दातांवरच गेला असावा. पालिकेने पुढे कोणती कामं करावी आणि कोणती सोडावी, हे म्हणे आता आम्ही सांगायचं. वा रे वा! सोडायच्या कामांत ‘ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र’ इतक्या बारीक अक्षरात घातलंय, की मला दुकानातलं भिंग घ्यावं लागलं.

मी आणि तुझे मेहुणे दिवसभर कामावर. आई सकाळी त्या केंद्रात जाते, संध्याकाळी येते, म्हणून आमचं घर चाललंय. दोनदा ती गॅस चालू ठेवून झोपली, हे तुला कळवलं होतं. केंद्र बंद झालं तर तिला घरात एकटी कशी ठेवू, ते तुझ्या त्या हसऱ्या कुटुंबाला विचारून सांग.

माझ्यावर लोभ आहेच, थोडा आईवरही असू दे.

तुझी,
धाकटी


११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नेहमीप्रमाणे आगपाखड करून मोकळी झालीस. पत्रक माझ्याच विभागाचं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांची भावी भूमिका हा विषय आईच्या पत्त्यांच्या डावाएवढा नसतो, बाई. आपल्या लोकांना नुसती कुरकुर करता येते. मत मागितलं की घरात दडून बसतात. तू दडू नकोस. रविवारी तुमच्या प्रभागाची सभा आहे. जा, नीट बोल. लोक ठरवतील तेच होईल.

आईची काळजी मलाही आहे. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तुझ्या वहिनीच्या पाठीचं तुला ठाऊकच आहे.

आईस नमस्कार. मेहुण्यांना विचारल्याचं सांग.

दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

गेले बाई तुझ्या सभेला! आईलाही नेलं. शाळेच्या बाकांत गुडघे अडकवून आम्ही मोठी माणसं बसलो. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी म्हणाली, डोळे मिटा आणि पंचवीस वर्षांनंतरचं शहर बघा. आईने डोळे मिटले आणि घोरायला लागली. अख्ख्या सभेत तीच काय ती शहाणी. मग रंगीत चिकट चिठ्ठ्या वाटल्या. केंद्राची जागा पार्किंगला द्यावी की दुकानांना, एवढे दोनच पर्याय. मी उभी राहून विचारलं, आहे तसंच चालू ठेवा ही चिठ्ठी कुठे चिकटवायची? ती गोड हसली. म्हणाली, तो पर्याय या टप्प्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या दारावर छापील नोटीस. एक तारखेपासून कुलूप, पुढे पार्किंग. पालिकेचा छापखाना इतका झटपट चालतो, हे आजवर कधी पाहिलं नव्हतं.

मग मीही घरी एक सभा घेतली. विषय : मुलाची भावी भूमिका. पर्याय दोन. आई दादाकडे या रविवारी जाईल, की पुढच्या? तुझे मेहुणे मवाळ, त्यांनी पुढचा म्हटलं. तेव्हा पुढच्या रविवारी दुपारी तिला न्यायला स्टँडवर ये. लोकांनी ठरवलंय, मी काय करणार?

वहिनीच्या पाठीस आराम असो.

धाकटी


२४ मार्च

चि. धाकटीस,
आ.

हा काय पोरकटपणा? मी हजर नसताना माझ्याबद्दल निर्णय? आणि आई तुझ्याकडेच राहील, हा पर्यायच तू ठेवला नाहीस! असल्या सभेला काही अर्थ असतो का? मी स्टँडवर येणार नाही.

दादा


१२ एप्रिल

चि. दोघांस,
आशीर्वाद, तेही मोजकेच.

तुमची सगळी पत्रं वाचली. धाकटी आलेली आणि पाठवायची, दोन्ही टेबलावर टाकून जाते आणि समजते की म्हातारीला काही कळत नाही. दोघं एकाच माळेचे मणी आहात. एकाने साऱ्या शहराला विचारलं, दुसरीने नवऱ्याला विचारलं. मला कुणी विचारलंत? मी कुठेही जाणार नाही. तिसऱ्या मजल्यावर बसून सूनबाईची पाठ बघायची मला हौस नाही.

केंद्राला कुलूप लागलं, तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी पालिकेच्या कचेरीत बसतो. खाली मोठा प्रतीक्षा कक्ष आहे. पंखे झकास, पाणी गार. टोकन घ्यायचं, नंबर आला की मागच्याला पुढे सोडायचं आणि नवं टोकन घ्यायचं. पत्ते मस्त रंगतात. दिवसभर मी घरीच नसते, तेव्हा गॅसचं रडगाणंही पुरे.

आज पालिकेचे मोठे साहेब स्वतः खाली आले, कपाळाला आठ्या घालून. विचारलं, आजी, काम काय? म्हटलं, पालिकेच्या भविष्याबद्दल सूचना द्यायची आहे. म्हणाले, द्या. म्हटलं, अजून सुचली नाही, सुचेपर्यंत बसते. त्यांनी आम्हाला उठवायला शिपाई बोलावला, तर त्यानेच भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. सूचना घेऊन आलेल्या नागरिकाला वर्षअखेरपर्यंत परत पाठवायचं नाही. खाली सही तुझी आहे रे, दादा. साहेब आल्या पावली वर गेले आणि आम्ही पुढचा डाव वाटला.

उत्तर लिहिणार असाल तर पालिकेच्या पत्त्यावर पाठवा.

तुमची,
आई