वहाणांची राखण

पुणतांबा, ता. १ सप्टेंबर १९४६

चि. याकोब यास मार्थाअक्काचा सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळी खुशाल. नदीला पाणी लई आलंय.

लिडिया पोळ्याच्या सुट्टीला आली ती तोंड फुगवूनच. राहात्याच्या शाळेत परत जायचंच नाही म्हणते. शिकावी म्हणून तुझ्याकडं ठेवली, आणि कवायतीच्या तासाला तू तिला लिंबाखाली बसवून सगळ्यांच्या वहाणा राखायला लावतोस म्हणे! अरे, पाय लुळा आहे, पोर लुळी नाही. सख्खा मामा कवायत मास्तर असून ही गत, मग परक्यानं काय करावं? हिनं शाळा सोडली तर पुढं कसं व्हायचं, या विचारानं घास उतरत नाही. समजूत काढून परत धाडतेय. सोबत शेंगदाण्याची चटणी आहे.

रागावलेय, तरी लोभ आहेच. तुझाही असू दे.

तुझी अक्का


राहाता, ता. ६ ऑक्टोबर १९४६

ती. मार्थाअक्कास सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचून कान लाल झाले. पडेल, लागेल म्हणून बसवत होतो गं. आधी तिच्या हाती शिट्टी दिली. तिनं ती माझ्याच खिशात परत घातली. शिट्टीला मास्तर आहेत, मला खेळायचंय म्हणाली. तुझीच लेक! मग खाली बसवून हाती लेझीम दिलं. अगं, कुबडीनं कमावलेली मनगटं ती, उभी पोरं मागं पडली की! आता सगळ्या वर्गालाच बसून खेळायचे डाव शिकवतोय. हे लेझीम की भजन, असं हेडमास्तरांनी विचारलं; नाताळापर्यंत थांबा म्हटलं. मोठी पोरं कुरकुरतात, पण डाव चुकला की लिडियालाच विचारतात. नाताळाच्या कार्यक्रमाला नक्की ये.

चटणी संपली. लोभ संपू देऊ नये.

तुझा याकोब


पुणतांबा, ता. २८ डिसेंबर १९४६

चि. याकोब यास अक्काचा सलाम व पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आल्यापासून गावभर सांगत सुटलेय. सूर्यभान टांगेवाल्यालाही सोडलं नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. लेझीम सुरू झालं आणि मी रांगेत लिडियाला शोधू लागले. जन्मात पहिल्यांदा मला माझी पोर ओळखू येईना रे! सगळीच धुळीत बसलेली, कुबडी कुठं दिसेना. पदर डोळ्याला लावला तो लवकर निघालाच नाही. शेजारची बनुबाई ओरडत होती, बघ तरी म्हणून. देवानं तुला भाऊ म्हणून दिला, त्याचे उपकार किती मानू?

लिंबाखाली कुणीच नव्हतं, म्हणून कुत्र्यानं तुझी एक वहाण पळवली आणि भर कार्यक्रमात तू अनवाणी हिंडलास, ते आठवून अजून हसू येतं. नवा जोड करून घेतलाय, सूर्यभानच्या टांग्यातून धाडतेय.

लोभ आहे तसाच वाढू दे. आणि हा जोड आता तुझा तू राख.

तुझी अक्का