हिरव्या आर्सेनेटचा उरलेला अर्धा

मी, खाली सही करणारी, खनिज संग्रहालयाची एकेकाळची वर्गीकरण अधिकारी आणि त्याच संग्रहालयातल्या सुताराची विधवा, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शेजारच्या डॉक्टरांनी मला तपासून बुद्धी जागेवर असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. मी रागात आहे, पण भ्रमात नाही. हे वाक्य मृत्युपत्रात शोभत नाही, असे माझ्या नणंदेच्या मुलाचे मत आहे. तो वकील आहे. "मामी, एवढं तरी काढा," म्हणाला. मी काढलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मात्र त्यानेच करावी.

१. राहते घर, मागच्या कामाच्या शेडसह, माझ्या नणंदेला द्यावे. मला नोकरीवरून काढले तेव्हा सासरच्या माणसांपैकी ती एकटी माझ्याकडे येऊन जेवून गेली. काही विचारले नाही, फक्त जेवली आणि भांडी घासून गेली.

माझ्या दिरांना काही देऊ नये. "वहिनींनी दगड विकून खाल्ला असणार," असे ते लग्नकार्यांत पंगतीला बसून सांगत आले. ते स्वतः विसरले असतील, म्हणून इथे लिहून ठेवले.

२. यजमानांचे रंधे, पटाश्या, करवती आणि शिकंजे समोरच्या घरातल्या मुलीला द्यावेत. ती फर्निचरचे काम करते आणि रंध्याचे पाते लावताना घाई करत नाही. दीर मागायला येतील. उसनेसुद्धा देऊ नयेत.

३. बँकेत जे काही असेल ते अंत्यविधीचा खर्च वजा जाता कलम चारमधल्या प्रयोगशाळेला द्यावे.

४. आता मुख्य वस्तू. स्वयंपाकघरातल्या फडताळात, वरच्या फळीवर, घट्ट झाकणाची काचेची बरणी आहे. आत ओल्या कापसाशेजारी मुठीएवढा दगड आहे. तो तांब्याच्या एका आर्सेनेटचा, म्हणजे तांबे आणि आर्सेनिक असलेल्या खनिजाचा, नमुना आहे. रंग कच्च्या सफरचंदासारखा हिरवा, चकाकी मोत्यासारखी. कठीणपणा इतका कमी की नखाने ओरखडा उठतो. अभ्रकासारखे एकाच दिशेने पापुद्रे सुटतात. खनिजात पाणी आहे. कोरड्या उष्ण हवेत ते उडून जाते आणि हिरवा रंगही सोबत घेऊन जाते. बरणी म्हणूनच. नुसत्या हाताने हाताळू नये, आर्सेनिक आहे.

बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीबाहेर टाकाऊ दगडांचा ढीग असे. तिथे मुकादमाच्या परवानगीने शोधताना मला हा दगड मिळाला. हातोडीखाली त्याचे दोन तुकडे झाले. एक मी संग्रहालयाला दिला, एक घरी ठेवला. ज्ञात आर्सेनेटांपैकी एकाशीही त्याचे गुणधर्म जुळत नव्हते. खनिज नवे होते.

माझ्याबरोबर त्याच विभागात, माझ्याच हुद्द्यावर एक गृहस्थ होते. बोलणे इतके गुळगुळीत की सगळे त्यांना पॉलिश म्हणत. मीही तेच म्हणेन. नमुन्याचे रासायनिक पृथक्करण त्यांच्याकडे होते. दोन्ही तुकड्यांत हिरव्या पापुद्र्याखाली पांढरा थर होता, साध्या कॅल्साइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. मी त्यांना बजावले होते.

"हिरवं आणि पांढरं आधी सुईने वेगळं करा. एकत्र कुटलंत तर फसाल."

"अहो, एकच आहे ते. वर रंग चढलाय, खाली नाही."

"आम्ल टाकून बघा. फक्त पांढऱ्यातून बुडबुडे येतील."

"थोरल्या साहेबांना या आठवड्यात कागद हवाय," एवढेच ते म्हणाले.

थोरले साहेब म्हणजे तेव्हाचे संचालक. पॉलिशनी संग्रहालयाच्या तुकड्याचा एक कोपरा फोडून दोन्ही एकत्र कुटले आणि सूत्र मांडले. त्यात कॅल्शियम आले, कार्बोनेट आले, आणि खनिज भलत्याच गटात जाऊन बसले. निबंधावर माझे नाव नव्हते. खनिजाला शोधणाऱ्याने स्वतःचे नाव देऊ नये असा संकेत आहे. पॉलिशनी तो तंतोतंत पाळला आणि थोरल्या साहेबांचे नाव दिले. पुढे ते साहेबांचे जावई झाले आणि पुढे त्यांच्याच खुर्चीत बसले.

उरलेला तुकडा मांडण्यासाठी माझ्या यजमानांकडून त्यांनी शिसवी चौकटीची पेटी करून घेतली. आत मखमल, वर दिवा. मी लेखी कळवले की दिव्याखाली हा नमुना टिकणार नाही. दिवा चालूच राहिला. हिरवा रंग आधी फिका झाला, मग पांढरा, मग सगळ्याचा भुगा. चौकशी बसली. मी नमुना चुकीच्या पद्धतीने हाताळला, कदाचित बदललाही, असे पॉलिशनी समितीपुढे सांगितले आणि मला काढण्यात आले. माझ्याकडच्या तुकड्याची आठवणसुद्धा त्यांना झाली नाही. त्यांच्याकडचा गेला म्हणजे जगातलाच गेला, असा त्यांचा हिशेब.

मी त्याच दिवशी बोलणार होते. यजमानांनी माझा हात धरला.

"तू बोललीस की माझंही काम जाईल. दोघांनी घरी बसून काय खायचं? मी आहे तोवर गप्प राहा."

"आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतर त्याला सोडू नकोस," म्हणाले आणि रंधा मारायला गेले.

मी शब्द पाळला. शेजाऱ्यांना ती क्षमा वाटली. क्षमा नव्हती. मधल्या काळात पॉलिश चढत गेले, सत्कार झाले, पाठ्यपुस्तकात ते चुकीचे सूत्र छापून आले. मी प्रत्येक पायरी पाहिली आणि माणूस आणखी उंच जातो आहे याचे मला समाधान वाटले.

गेल्या वर्षी यजमान गेले. त्यानंतर मी या तुकड्यातले हिरवे कण सुईने सोडवून परगावच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या स्फटिकशास्त्रज्ञ बाईंचा अहवाल आला आहे. कॅल्शियम नाही. कार्बोनेट नाही. आहे ते तांबे, आर्सेनेट, हायड्रॉक्सिल आणि पाणी. स्फटिकाच्या तीन अक्षांपैकी कोणतेही दोन एकमेकांशी काटकोनात नाहीत. पॉलिशनी छापलेली रचना इथेही खोटी ठरते. म्हणजे त्यांचे खनिज हे खनिजच नव्हे, दोन खनिजांचे मिश्रण आहे. जुने नाव यादीतून रद्द करावे आणि या हिरव्याची नवी जात म्हणून नोंद व्हावी, असा प्रस्ताव बाईंनी नामकरण मंडळाकडे पाठवला आहे. मूळ नमुना सार्वजनिक संग्रहात असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. म्हणून बरणी, दगडासह, मी त्या प्रयोगशाळेच्या संग्रहाला देते. जिवंतपणी का देत नाही, असे भाच्याने विचारले. सकाळी चहा उकळताना मी बरणीकडे बघते, म्हणून.

नव्या खनिजाला त्या खाणीचे नाव द्यावे. माणसांची नावे पुरे झाली.

५. पेटीतला पांढरा भुगा मी नोकरीच्या शेवटच्या दिवशी कुंच्याने गोळा करून आणला होता. त्याची सीलबंद पुडी मी पॉलिशना देते. मंडळाचा निर्णय आला की भाच्याने ती समक्ष त्यांच्या हातात ठेवावी, निर्णय मोठ्याने वाचून दाखवावा आणि जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवायला सांगावे.

६. गेल्या रविवारी, प्रस्तावाची बातमी लागल्यावर, पॉलिश स्वतः आले. जिना चढून दम लागला होता. मी खुर्ची दिली, पाणी दिले नाही.

"दगड संग्रहालयाचा आहे," म्हणाले.

"अर्धा होता. तो तुम्ही भाजलात."

"बरं, सुधारित निबंध काढू. तुमचं नाव माझ्या शेजारी घालतो."

"तुमच्या शेजारी मी बरीच वर्षं बसले. आता नको."

मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझं सोडा. घरी तिला काय सांगू? तिच्या वडिलांचं नाव आहे ते."

इथे मी थोडी थांबले, हे लिहिणे भाग आहे. त्यांच्या बायकोने माझे काही वाकडे केलेले नव्हते. पॉलिश गेले, आणि दोन दिवस मी कलम चार खोडावे की ठेवावे अशा विचारात होते.

तिसऱ्या दिवशी त्या एकट्या आल्या. आम्ही आयुष्यात कधी चार वाक्ये बोललो नव्हतो.

"हे येऊन गेले ना, ताई?"

"आले होते."

"दगड दिलात का?"

"नाही."

"देऊ नका."

त्या शांतपणे सांगत होत्या, जणू दुसऱ्या कोणाची हकिगत.

"तो निबंध छापून आला, त्याच आठवड्यात बाबांनी आमचं लग्न ठरवलं. इतके खूश होते. माझं दुसरीकडे ठरत होतं, त्यांना माहीत होतं. मला विचारलं नाही. नावाच्या बदल्यात मी गेले, ताई. आणि ज्यासाठी गेले, ते खनिज नव्हतंच म्हणता तुम्ही?"

"नव्हतं."

"मग तसं लिहा. स्वच्छ लिहा."

मी त्यांना पाणी दिले, नंतर चहाही दिला. कलम चार आहे तसेच राहील.

वरील सर्व मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने लिहिले आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: नोंदणी कचेरीच्या शिक्क्यावर असेल तो.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: (सही) शेजारचे डॉक्टर

साक्षीदार दुसरी: (सही) पॉलिश यांची पत्नी. हे शब्द खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने वर लिहिले आहे: थोरल्या साहेबांची मुलगी. खाडाखोड मला मान्य आहे.