दहाव्याच्या दिवशी घाट अर्धा तास मोकळा ठेवणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे,
कोल्हापूर.

अर्जदार : आकाराम ज्ञानू मगदूम, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक

विषय : माझी पत्नी कै. बनाबाई हिच्या दहाव्यास माझी मुलगी संयोगिता हिला कॅमेरे व कार्यकर्ते यांच्याविना हजर राहू देणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पोच मिळाली आहे, उत्तर मिळालेले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, आमच्या भागाचे सन्माननीय लोकप्रतिनिधी व माझी मुलगी यांचे एकत्र फोटो गेल्या महिन्यात मोबाईलवर फिरले, हे आपणास माहीत आहेच. माहीत नाही असा इसम जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. सदर गृहस्थ विवाहित आहेत. माझी मुलगी नवऱ्यापासून रीतसर विभक्त असून सज्ञान आहे. झाले ते बाप म्हणून मला आवडलेले नाही, हे मी येथे लिहून देतो. त्यांना जाब त्यांच्या पत्नीने विचारायचा, मुलीला मी. परंतु हे काम गावाने परस्पर स्वतःकडे वर्ग करून घेतले.

२. लोकप्रतिनिधींच्या बंगल्यावर पहारा असल्यामुळे आंदोलन आमच्या दारात सोयीचे पडले. विरोधी पक्षाने रोज त्यांची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढायची आणि समर्थकांनी ती तिरडी हिसकावून मोडायची, असा नेमच पडला. चॅनेलच्या गाड्या बोळाच्या तोंडाला उभ्या. आमच्या शेजारीण धोंडुबाई यांना एका बातमीदाराने माझ्या मुलीचा स्वभाव विचारला. त्या म्हणाल्या, "सोबाव इचारतोस व्हय रं? तुझ्या घरात आयाभनी न्हाईत काय?" हे वाक्य ‘शेजाऱ्यांचा संताप’ या मथळ्याखाली दिवसभर दाखवण्यात आले.

३. माझी पत्नी त्या वेळी अंथरुणाला खिळून होती. दारात रिक्षा थांबली की विचारायची, "संयू आली काय ओ?" संयोगिता एकदा आली होती. तोंडाला स्कार्फ बांधून बोळापर्यंत आली आणि कॅमेरे बघून मागच्या मागे फिरली. हे मी पत्नीला सांगितले नाही. दि. ११ रोजी सकाळी पत्नी वारली.

४. तिची तिरडी चौकात आली तेव्हा समर्थकांना ती रोजचीच वाटली व ते धावून आले. विरोधकांना ती आपलीच वाटली व ते घोषणा देत मागे चालू लागले. माझा मुलगा ऋतुराज मडके धरून पुढे होता. एका वार्ताहर ताईंनी त्याच्या तोंडापुढे माईक धरून मागणी काय, असे विचारले. तो म्हणाला, "मागणी कसली ओ? आमची आई गेलीया." ओढाओढीत तिरडी कलली, पदर सुटला, चेहरा उघडा पडला, तेव्हा कोणीतरी ओरडले, "आरं सोडा, खरं मडं हाय की ह्ये!" परक्यासमोर जन्मात डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली माझी बायको त्या संध्याकाळी टीव्हीवर घराघरांत दिसली. मुलीने आईचे शेवटचे दर्शन तिथेच घेतले. मध्येच जाहिरात लागली, असे ती मला फोनवर म्हणाली.

५. रक्षाविसर्जनास दोन्ही पक्ष फुले घेऊन आले. नैवेद्य ठेवला. डोक्यावर चॅनेलचा ड्रोन घोंगावत असल्याने कावळे पलीकडच्या चिंचेवरून हलेनात. आपल्यात अशा वेळी मृताची राहिलेली इच्छा घरच्यांनी बोलून दाखवायची व ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. येथे विरोधी पक्षाचे शहराध्यक्ष पुढे होऊन हात जोडून म्हणाले, "मावशी, राजीनामा घेतल्याबिगर आमी गप बसत न्हाई, शिव आता!" कावळा आला नाही. लगेच समर्थकांचे युवा नेते पुढे सरले, "काकू, सायबांची बदनामी करणाऱ्यांस्नी आमी सोडत न्हाई, शिव की!" तरीही आला नाही. मग आधी शब्द कोणी दिला यावरून झोंबाझोंबी झाली व आपल्या शिपायांनी सर्वांना बाजूला केले, त्यात मलाही. रात्री चॅनेलवर कावळा नेमका कोणत्या पक्षावर नाराज, यावर चर्चा झाली. एक ज्योतिषीही होते.

माझी मेहुणी, जिला आम्ही आक्का म्हणतो, ती कुरुंदवाडहून आली आहे. ती म्हणाली, "दाजी, दर्भाचा कावळा करून शिववा आन् मोकळं व्हा." मला ते पटले नाही. बनाबाईची इच्छा काय होती हे मला ठाऊक आहे, आणि गवताच्या कावळ्याला सांगून ती पुरी होणार नाही.

६. दरम्यान, काल सदर लोकप्रतिनिधींनी विरोधी पक्षातच प्रवेश केल्याचे कळते. ज्यांनी तिरड्या बांधल्या त्यांनीच जेसीबीतून फुले उधळली. त्यांची पत्नी शेजारी उभी होती. त्यांचे भले होवो. जुने समर्थक आता नवे विरोधक झाले असून तिरडीचा बांबू त्यांच्या हाती आला आहे. म्हणजे सगळ्यांचे सगळे मिटले किंवा बदलले. माझ्या मुलीला लावलेले विशेषण तेवढे दोन्ही बाजूंनी कायम ठेवलेले आहे.

७. सबब विनंती की, गुरुवार दि. २० रोजी सकाळी अर्धा तास घाटावर बंदोबस्त द्यावा व ड्रोनला मनाई करावी. ते शक्य नसल्यास त्याच वेळी दोन्ही पक्षांना दुसऱ्या एखाद्या चौकात आंदोलनाची परवानगी द्यावी, म्हणजे कॅमेरे आपोआप तिकडे जातील. मुलगी कोठे आहे हे येथे लिहीत नाही. सकाळी आपल्या कार्यालयात दिलेला कागद दुपारी चॅनेलवर वाचला जातो, असा मागील दोन अर्जांचा अनुभव आहे.

कावळा शिवला नाही तरी मी पुन्हा अर्ज करणार नाही. साहेब, आई गेल्यापासून माझी पोर रडलेली नाही. आवाज शेजारी जाईल आणि कोणीतरी ओळखेल, या भीतीने तोंडात पदराचा बोळा कोंबून बसते. तिला आईसाठी एकदा मोकळ्या गळ्याने रडू द्यावे, एवढीच परवानगी मागत आहे.

तिसऱ्यांदा आपल्या दारी आलेला,
आकाराम ज्ञानू मगदूम
(सही)

कोल्हापूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत : पत्नीच्या मृत्यू दाखल्याची प्रत.

टीप : मुलीचे छायाचित्र जोडलेले नाही. चॅनेलवर दाखवतात तशी ती आता दिसत नाही. माझा हात धरून जी येईल, ती माझी मुलगी समजून बंदोबस्तावरील शिपायांनी तिला आत सोडावे.