फ्रेंच इंजिन आणि माझं उत्तर

काका,

झालं ते असं:

१. शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लॅबमधल्या कापून उघड्या केलेल्या विमानाच्या फ्रेंच टर्बोप्रॉप इंजिनाकडे बोट दाखवून विचारलं, "इंधन वाढवलं की काय होतं?"
२. मी म्हणाले, "फेरे वाढतात."
३. "चूक. कोणी शिकवलं हे?"
४. मी म्हणाले, "काकांनी."
५. तुम्ही दाराशी उभे होतात. "माझ्याकडूनच राहिलं, साहेब," म्हणालात.
६. पुढच्या सत्रात लॅब तुमच्याकडून काढून घेतली. तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं.

तुम्ही बरोबरच शिकवलं होतं. इंजिनाला हात लावू देण्याआधी म्हणायचात, "होडीवाला बघितलायस ना? वल्ही तेवढ्याच वेळा मारतो, पाणी जास्त धरतो. हेही तसलंच हट्टी. फेरे तेवढेच, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो." माझ्या वहीत ते तारखेसकट आहे. त्या दिवशी मी विसरले, हे खरं. पण नाव घेताना घाबरले नव्हते. पदवीवाल्यांना आम्ही सर म्हणायचो. तुम्ही हवाई दलातून निवृत्त झालेले फिटर, म्हणून काका. तुमच्या जागी एखादे सर असते, तर मी गप्प बसले असते.

परीक्षेनंतर तुम्ही जिन्यात गाठलंत. मला वाटलं, आता ओरडाल. "पहिली येशील ना? मग पेढे खव्याचे आण, पिठाचे नकोत." मी पहिली आले. पेढे आणले नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, ते कॉलेजच्या ग्रुपवरच्या एका ओळीतून कळलं. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

सध्या मी हॅम्बर्गमध्ये डॉक्टरेट करते आहे. एक प्रकरण त्याच इंजिनाच्या घडणीवर आहे: पन्नासच्या दशकात फ्रेंच अभियंत्यांनी एकाच शाफ्टवर सगळं कसं बसवलं, फेरे स्थिर ठेवायचं ठरवलं आणि पात्यांचं नियंत्रण चाचण्यांमधून हळूहळू कसं जमवत नेलं. होडीवाला मी त्यात घेतला आहे. मंगळवारी माझ्या प्राध्यापिका त्या परिच्छेदावर थांबल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! इतकं सोपं करून कोणी समजावलं तुला?"

मी म्हणाले, "मलाच सुचलं."

प्रबंध सोमवारी छपाईला जातो. त्या परिच्छेदाखाली तळटीप घालायची आहे, तुमच्या नावाने. चार वर्षं तुमच्या हाताखाली शिकले, पण तुमचं पूर्ण नाव मला माहीत नाही. कधी विचारलंच नाही. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.