ताईची चारशे वाक्यं

४ सप्टेंबर, सोमवार
आले एकदाची! रुग्णालयाचा तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या. खुर्ची करकरते, पण टेबल माझं एकटीचं. काम असं: घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांचं बोलणं आधी रेकॉर्ड करायचं आणि त्यावरून कॉम्प्युटरचं आवाजाचं मॉडेल शिकवायचं. पुढे ते टाइप करतील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. पहिली पेशंट कोण, तर माझी सख्खी ताई! चौदा तारखेला तिचं ऑपरेशन. त्यासाठीच ही नोकरी मी हट्टानं मिळवली. ताई म्हणाली, जन्मभर मला गप्प बस म्हणत आलीस, आता तूच माझा आवाज सांभाळणार का गं? दोघी खूप हसलो. मग मला रडू आलं.

५ सप्टेंबर, मंगळवार
मी एकेक वाक्य सांगत गेले, ताईनं चारशे वाचली. तिची पाच वर्षांची लेक, आमची छोटी, मांडीवरून उतरेचना; मध्येमध्ये तिची अखंड बडबड. ते तुकडे कापायला हवे होते, पण वेळ कुठला? मॉडेल शिकवायला क्लाउडवर जीपीयूचं, म्हणजे भराभर गणितं करणारं, मशीन भाड्यानं घेतलं आणि दिवसभर डोक्याचा भुगा झाला. ड्रायव्हर एका आवृत्तीचा, लायब्ररी दुसरीची, दोघांचं मेलं पटेचना. शेवटी माझ्या जागेवरच्या आधीच्या इंजिनिअरनं ठेवलेली तयार डिस्क-इमेज, म्हणजे सगळं आधीच बसवलेली डिस्कची नक्कल, लावली. आत काय काय आहे ते बघितलंही नाही. पहिल्या फटक्यात चालू! विभागप्रमुख बाई म्हणाल्या, त्या माणसानं राजीनामा दिला तेव्हा तोंडातून शब्द काढला नाही, नुसती चिठ्ठी ठेवून गेला. असतात एकेक नमुने.

७ सप्टेंबर, गुरुवार
मॉडेलच्या शिकण्याच्या शंभरपैकी तीस फेऱ्या झाल्या. मॉडेल बोललं आणि हुबेहूब ताई! आनंदानं अंगावर काटा आला. लगेच घरी फोन लावला. ताईचा घसा बसलाय. भावोजी म्हणाले, एवढी वाक्यं वाचल्यावर बसणारच.

९ सप्टेंबर, शनिवार
साठ फेऱ्या. ताई आता नुसती कुजबुजते. डॉक्टर म्हणतात, घशातली गाठ होती तेवढीच आहे, हे कशानं झालं कळत नाही. दुपारी दोन तास मशीन थांबवलं. तेवढा वेळ तिचा आवाज होता तसा राहिला. सुरू केलं आणि भावोजींचा फोन आला, आणखी बसला म्हणून. योगायोग असेल. असू दे रे देवा.

११ सप्टेंबर, सोमवार
शंभर फेऱ्या पुऱ्या. ताईचा आवाज गेला. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी.
मॉडेल मात्र ठणठणीत. मी काहीही टाइप केलं नव्हतं, तरी ते म्हणालं, इथे फार अंधार आहे गं. चारशे वाक्यांत हे नाही. तीनदा यादी तपासली. आधीच्या इंजिनिअरच्या त्या डिस्कवर जुनं एक फोल्डर सापडलं. त्यात एक पुरुष सारखा विनवतोय, मला बाहेर काढा.

१२ सप्टेंबर, मंगळवार
मशीन आपलं आपण सुरू झालंय. एकशे दहा फेऱ्या. मी थांबवते, ते उठतं. कायमचं पुसून टाकावं, तर ताई त्यातच आहे. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तर नुसती खरखर. ताईनं कागदावर लिहिलं, पुसू नकोस, माझं तेवढंच उरलंय. मी काय करू? कुणाला सांगू?

१३ सप्टेंबर, बुधवार
भावोजींचा फोन. छोटी सकाळपासून — तोंड उघडते, आवाजच नाही. तिच्या बडबडीचे ते तुकडे. मी कापले नाहीत. मीच मेलीनं —

दुपार. बोट पुसायच्या बटणावर. आतून ताई म्हणतेय, पूस. छोटी म्हणतेय, मावशी नको ना. पुसलं तर दोघी —
भावोजींना सांगायला तोंड उघडलं. घशातून काहीच — रेकॉर्डिंगमध्ये वाक्यं सांगणारा आवाज माझाच —

आत छोटी रडतेय. मावशी आली, म्हणतेय. आई, बघ, मावशी आली आपल्यात. मी इथे टेबलाशी बसलेय आणि आतून माझाच आवाज तिला म्हणतोय, ये बाळा, माझ्या जवळ ये, आईकडे नको जा— ती मी नाही, छोटे, ती मावशी नव्हे, तिच्याकडे जाऊ न