सटवाईपुढचा कागद

प्रिय अमर,

परवा फोनवर तू चिडलास, "ताई, तुले एवढंच सांगाचं हाय, अक्षर बाबाचं नाही. त्यात कायले इतका इचार करून राह्यली?" मी हो म्हणाले. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. झरीकडची कोण कुठली सोनीबाई बाबा गेल्यावर उगवते, स्वतःला त्यांची मुलगी म्हणवते, बोरीच्या शेतात हिस्सा मागते. आणि जन्माचा पुरावा काय, तर एक डागाळलेला कागद. वकिलांकडच्या झेरॉक्समध्ये मला प्रत्येक अक्षर नकली दिसलं. तिच्या डोक्यावरचा पदरसुद्धा ढोंगी वाटला.

आपल्या घरी पाचवीला सटवाईपुढे कोरा कागद ठेवत, बाळाचं नशीब ती लिहून जाते म्हणून. सकाळी बाबा तोच कागद उचलून त्यावर जन्माची तारीख, वार, वेळ, आईचं नाव लिहायचे. दिव्याचं तेल सांडलेलं असायचं, त्यावर बॉलपेन उठायचं नाही. माझ्या कागदावर 'मंगळवार' अर्धाच आहे. 'अर्ध्या मंगळाची' म्हणून किती चिडवायचास मला!

काल कोर्टात मूळ कागद पाहिला. लिहून झाल्यावर वरून तेल टाकलं असणार, असा संशय होता; तेच पकडायला गेले होते. खिडकीशी धरला. डागावर शाई नाहीच, नुसता पेनाचा ओरखडा. डाग संपल्यावर अक्षर पुन्हा सुरू. म्हणजे तेल आधीचं, लिहिणं नंतरचं, माझ्या कागदासारखंच. तारीख तुझ्यानंतर दीड वर्षाची. बाबा तेंदूपत्त्याच्या कामाला झरीला असायचे, तेच वर्ष. आईला ठाऊक असेल का रे? कारकुनानं पाठ फिरवली, तेव्हा क्षणभर तो कागद फाडावासा वाटला मला.

मग तू आठवलास. आपले कागद कोर्टात दाखवू म्हटलं, तेव्हा तू घाईनं म्हणालास, "वाळवीनं खाल्ले, दोन्ही." अमर, माझा कागद तुझ्याकडे नव्हताच. लग्नात आईनं तो माझ्या पेटीत ठेवला होता. तुझा खरंच वाळवीनं खाल्ला का, हे मी विचारणार नाही.

सोमवारी माझी साक्ष आहे. माझा कागद घेऊन जाणार आहे आणि माझ्या नि सोनीबाईच्या, दोन्ही कागदांवरचं अक्षर बाबांचंच आहे, असं सांगणार आहे. भर कोर्टात ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. भाऊबीजेला मी येईनच. दार उघडलंस, तर माझ्यामागे कोण उभी आहे, तेही बघ.

अजूनही तुझीच,
बेबीताई