बुद्ध पुढे काय म्हणाला

ती. सगुणदादांस, पार्शाहून गुरुदासचा नमस्कार.

ताजी बातमी आधी देतो, खुशाली मागाहून. (वर्तमानपत्राच्या टेबलावर आयुष्य गेले, आता घरच्यांनाही असेच लिहितो.) बौद्ध धर्मग्रंथांतल्या निवडक वेच्यांचा आपल्या वाचनालयाचा संग्रह छापून, शिवून, बांधून तयार झाला आहे. डिचोलीच्या छापखान्यातल्या प्राजक्ताने आज सकाळी फोनवर याला दुजोरा दिला, आणि आता त्यात कानामात्राही बदलता येणार नाही, असे दोनदा बजावले. दोनदा का, ते खाली येईल.

तुमची प्रकृती कशी आहे? मयेच्या तळ्यावरचे पर्यटक अजून तुमच्या पडवीत बसून फोटो काढतात का? रुक्मिणीवैनींच्या गुडघ्यांना नवे तेल मानवले असेल, अशी आशा आहे. इकडे सर्व ठीक, म्हणजे संग्रह सोडून.

तुम्ही, सगळे वाचून झाले म्हणून, ग्रंथांचे खंड वाचनालयाला दिलेत आणि अट घातलीत, की बुद्धपौर्णिमेपर्यंत त्यांतून बुद्धाला न्याय देणारा एक संग्रह काढायचा, नाहीतर टेंपो आणून खंड परत नेणार. ते गेले तर आमच्याकडे उरते दिवाळी अंकांची चळत आणि एक कॅरम (सोंगट्या अपुऱ्या). म्हणून घाईघाईने समिती नेमली. अध्यक्ष कमलाक्षीबाय, निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्यापुढे बोलायला अजूनही हात वर करावा लागतो. काजूच्या दारूची भट्टी चालवणारा रामचंद्र. चोपड्याचा मासे मारणारा होडीवाला गौरेश. आणि कापाकापीसाठी मी.

बाय म्हणाली, चवथीच्या माटोळीसारखे करू. गणपतीच्या डोक्यावर प्रत्येकजण रानातले काहीतरी आणून बांधतो, तसा प्रत्येकाने एकेक वेचा आणायचा. कल्पना सुरेख होती, फक्त प्रत्येकाने आपल्याला सोसेल तेच आणले. जिकडेतिकडे मैत्री, करुणा, शांती. वाचून पाहिले, तर एखाद्या पतसंस्थेचे शुभेच्छापत्र वाटावे. निदान पंचशील तरी घाला, असे मी म्हटल्यावर रामचंद्र उठला. "दारू नको म्हणान मीच छापू? ऐन हंगामात? भट्टीर पाणी ओतू मरे?" प्राणिहत्येचा उल्लेख आला तसा गौरेशला ठसका लागला. मग दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतले, पंचशीलाचे त्रिशील झाले, आणि गाळलेल्या दोन शीलांपुढे मी सवयीने 'जागेअभावी' असे लिहिले.

बायने ते कागद पाहिले आणि चष्मा काढला. "माटोळीक कवंडळ बांधतास ना? कडू जहर. खाता कोण? पण ता नसला तर माटोळी पुरी जाता?" दारू परत आली, मासे परत आले, आणि त्यांच्यामागून बाय स्वतःचे कवंडळ घेऊन आली : भिक्षुणी कितीही ज्येष्ठ असो, तिने आज दीक्षा घेतलेल्या पोरसवदा भिक्षूलाही वंदन करायचे, हा नियम. रामचंद्र कळवळला, "बाय, ह्या नको, बुद्धाचा नाव खराब जाईत." बाय म्हणाली, "तुझी दारू आत आयली, तर माझो नमस्कारय येतलो."

हे सगळे न्यायाला धरून होते, पण ठरलेल्या पानांत मावेना, आणि मजकूर दुसऱ्या दिवशी छापखान्यात पोचायचा होता. अशा वेळी मी काय करतो, तुम्हाला ठाऊक आहे. खालून कापतो. बातमीचा मुद्दा डोक्यावर असतो, शेपटीला मागचा इतिहास. शेपूट गेल्याने आजवर एकही वाचक दगावला नाही. या ग्रंथांची रीत मात्र उलटी निघाली. आधी कुठल्या वनात कोण बसले होते, कोणी कोणाला वंदन केले, मग तोच प्रश्न तीनतीनदा, आणि उत्तर अगदी तळाला. परिणामी आपल्या संग्रहात बुद्ध पानोपानी म्हणतो, "तर मग लक्ष देऊन ऐका, सांगतो." आणि वेचा संपतो. (पूर्णविराम मी प्रत्येक ठिकाणी दिला आहे.)

गेल्या आठवड्यात पहिल्या प्रती आल्या तेव्हा हे उघडकीस आले. दारूने कोणते तोटे होतात, इथवर छापले आहे, तोटे नाहीत. भिक्षूच्या पात्रात मासा पडला आहे. खायचा की नाही, कळत नाही. ज्येष्ठ भिक्षुणी तो वंदनाचा नियम बदलायची विनंती करते आणि तशीच उभी राहते. रामचंद्राने समितीच्या ग्रुपवर विचारले, "गुरुदासा, फुडे काय सांगल्यान रे तो?" मी अंगठा टाकला. मग प्राजक्ताला दोनदा विचारले, मागे एखादे पान चिकटवता येईल का. तिने काय बजावले, ते वर आलेच आहे.

तुमच्या कसोटीला हा संग्रह उतरणार नाही, हे मला मान्य आहे. संग्रह म्हटला की काहीतरी गळणारच; माझ्या हातून जरा नेमके तेच गळले. पण पुरे खंड कपाटात होते, तेव्हा बुद्धाला न्याय कोण देत होते? कुलूप. वैनींना नमस्कार.

तुमचा,
गुरुदास

ता. क. टेंपो आणू नका. कपाट रिकामे आहे. उत्तरे शोधायला लोकांनी खंड घरी नेले. गौरेशला मासा खाणारा भिक्षू निर्दोष असल्याचे सापडले (मासा मुद्दाम त्याच्यासाठी मारलेला नसला तर), ते तो चोपड्याच्या धक्क्यावर लोकांना वाचून दाखवतो. बायने भिक्षुणीला मिळालेला नकार वाचला आणि तेव्हापासून ती बुद्धाशी बोलत नाही, पण पुढचा खंड तिने मागून घेतला. रामचंद्राला दारूच्या तोट्यांची यादी मिळाली. फायद्यांचीही कुठेतरी असणारच, म्हणून तो खंडामागून खंड नेतो आहे.

आणखी एक. बहुतेक खंडांची पाने कडेला जोडलेलीच होती. बायने ती सुरीने सोडवली. म्हणजे आमच्याआधी ती कोणीच उघडली नव्हती. हे मी वैनींना कळवलेले नाही.

शेवटचे. प्रकाशन पौर्णिमेला संध्याकाळी, प्रमुख पाहुणे तुम्ही. सगळे खंड वाचलेला माणूस येणार, अशी जाहिरात झाली आहे, त्यामुळे भाषणानंतर श्रोते एकेक वेचा उघडून पुढचे तुम्हाला विचारतील, अशी अपेक्षा आहे. चार दिवस आधीच राहायला या. एखादा खंड परत आला तर देतो, पण रांगेत तुमच्यापुढे रामचंद्र आहे.